डायनस्टी लीगच्या रूकी ड्राफ्टसाठी स्प्रेडशीट कशी बनवावी?

डायनस्टी लीग म्हणजे बेसबॉलचा असा फँटसी खेळ, ज्यात निवडलेले खेळाडू वर्षानुवर्षे आपल्याच संघात ठेवता येतात; रूकी ड्राफ्ट म्हणजे त्यात नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड. एका खेळाडूला एक ओळ द्या. रकाने मोजकेच ठेवा: वय, पोझिशन, मायनर लीगची (मुख्य लीगच्या खालच्या स्पर्धांची) पातळी, वॉक (चार वाइड चेंडूंवर फुकट मिळणारा बेस) आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) यांची टक्केवारी, स्काउटांनी (खेळाडू हेरणाऱ्यांनी) २० ते ८० मध्ये दिलेले गुण. वयाचा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. डबल-एमध्ये (मायनर लीगच्या वरून दुसऱ्या पातळीवर) १९ वर्षांचा पोरगा आणि २४ वर्षांचा खेळाडू यांचे आकडे सारखे असले, तरी पोरगा कितीतरी आधी उचलावा. दोन-तीन रँकिंग शेजारी मांडा आणि जिथे त्यांचं एकमेकांशी पटत नाही, त्या खेळाडूंबद्दल नीट वाचा. क्रमांकांपेक्षा गट पाडलेले बरे, म्हणजे निवडीचं घड्याळ चालू असताना गोंधळ होत नाही. पिचर (चेंडू फेकणारे) थोडे खालीच ठेवा; कोपराची शस्त्रक्रिया झाली की वर्षभर तरी बाहेर. कुणी निवडला गेला की चेकबॉक्सवर टिक, ओळ आपोआप राखाडी. कंडिशनल फॉरमॅटिंगने (अटीनुसार रंग बदलण्याच्या सोयीने) हे सहज जमतं.