जिनातली जिन आणि बाटलीतली जिन

प्रश्न : सर, पोरगा नववीत हाये. त्यानं डिक्शनरीत ‘जिन’ पाह्यलं तं दारू निघाली. मंग आमचा कापूस जाते त्या जिनाचा अन् दारूचा काय संबंध? बीटी बियाण्यातला जीन अन् जीन्स पँट, हेही त्यातलेच काय?
— एक शेतकरी, ता. केळापूर, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, दारूशी काडीचाही संबंध नाही. स्पेलिंग तेवढं दोघांचं एकच, जी-आय-एन.

तुमचं जिन, कापसातून सरकी वेगळी काढणारं, म्हणजे मुंडकं उडवलेलं इंजिन. लॅटिनमध्ये ‘इंजेनियम’ म्हणजे उपजत बुद्धी. ती लढवून केलेलं यंत्र ते इंजिन, आणि इंग्रजांनी त्याचा ‘इं’ खाल्ला. इंजिनियर याच घराण्यातला. कापसाच्या जिनचं नाव झालं ते अमेरिकेच्या एली व्हिटनीमुळे. १७९४ साली त्यानं पेटंट घेतलं. त्याचं यंत्र तारेच्या दात्यांचं. आपल्याकडच्या जिनांत बहुतेक चामड्याचे दोन रूळ असतात. रूळ रुई ओढून घेतात, सुरीपाशी सरकी अडते आणि खाली पडते. पोराला एकदा आत नेऊन दाखवाच, पण नाकाला दुपट्टा बांधून. रुईच्या फुफाट्यानं घसा धरतो. आणि हो, हातरेचा, म्हणजे हातानं फिरवून सरकी काढायचं यंत्र, आपल्या देशात व्हिटनीच्या कितीतरी आधीपासून होता. आपल्या म्हाताऱ्यांना पेटंट कोण देणार!

बाटलीतली जिन हॉलंडची. जुनिपर नावाच्या झुडपाची फळं घालून तिकडे ‘जेनेव्हर’ गाळत. इंग्रजांनी तेही नाव तोडून लहान केलं.

जीन्सचं मूळ इटलीतलं जिनोआ बंदर. तिथलं जाडंभरडं कापड, म्हणून ते नाव.

आता बियाण्यातला जीन, म्हणजे आईबापाचे गुण पुढच्या पिढीत नेणारा घटक. हा शब्द डेन्मार्कच्या योहानसेन या शास्त्रज्ञानं १९०९ मध्ये ग्रीकवरून घेतला. त्या ग्रीक शब्दाचा मूळ धातू आणि आपल्या ‘जन्म’मधला ‘जन्’ सख्खे भाऊ. मराठीत ‘जनुक’ म्हणतात तेही त्याच सुरात. वर ‘उपजत बुद्धी’ म्हटलं ना, त्या इंजेनियममध्येही हाच धातू आहे. म्हणजे २००२ पासून बीटी बियाण्यातून आपल्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडात, शिरलेला जीन आणि त्या पऱ्हाटीचा कापूस जिथं शेवटी जातो ते जिन, हे दोघे लांबचे चुलतभाऊ निघाले. दारू आणि पँट मात्र परक्या.

स्पेलिंग पाठ करायचं तर बियाण्याचा जी-ई-एन-ई. पँट एकटीच ‘जे’ची.