औषध (कीटकनाशक किंवा बुरशीनाशक) लावून पेरलेलं बियाणं रानउंदरांनी खाल्लं, तर त्यांना धोका किती हे कसं काढतात?

युरोपात यासाठी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची पद्धत वापरतात. पहिली मार्गदर्शिका 2009 ची, सुधारित 2023 ची. 2009 च्या पद्धतीचा पहिला टप्पा मुद्दाम कडक आहे: उंदीर दिवसभर फक्त तेच बियाणं खातो असं धरायचं.

समजा, 1 किलो बियाण्यावर 700 मिग्रॅ औषध आहे. दाणे खाणारा लहान सस्तन प्राणी वजनाच्या 0.24 पट बियाणं रोज खातो. म्हणजे डोस 700 × 0.24 = 168 मिग्रॅ प्रतिकिलो शरीरवजन. एलडी-50 (चाचणीतले निम्मे प्राणी मारणारा डोस) जर 500 मिग्रॅ प्रतिकिलो असेल, तर 500 ÷ 168 ≈ 3. तीव्र विषबाधेसाठी हे गुणोत्तर किमान 10 हवं, प्रजननावरील दीर्घकालीन परिणामासाठी 5. दीर्घकालीन हिशेबात एलडी-50 नाही, तर प्रजनन-चाचणीतला निरुपद्रवी डोस घ्यायचा. ही गल्लत फार होते.

3 आलं म्हणजे औषध लगेच बाद नाही. गणित वास्तवाजवळ न्यायचं. उंदीर टरफल सोलून खातो का? आहाराचा किती भाग त्याच शेतातून येतो? मात्र यासाठी प्रत्यक्ष मोजणी लागते. सरासरी प्राण्याचे आकडे वापरू नका, कारण शेतातच राहणाऱ्या उंदराला धोका सर्वाधिक असतो. 'वासामुळे प्राणी ते टाळतात' यावरही विसंबू नये. भुकेला प्राणी ते खाऊ शकतो.

मोठा धोका शेताच्या टोकाला असतो. पेरणीयंत्र वळताना, भरताना बी सांडतं आणि उघडं राहतं. ते गोळा करा किंवा मातीआड करा.