लेस्टरच्या चर्च गेटला गेट कुठंय?

एका ताईंनी विचारलंय ते आधी थोडक्यात सांगतो. त्यांचा भाचा शिकायला इंग्लंडमधल्या लेस्टरला गेलाय. त्याने घरच्या ग्रुपवर रस्त्याच्या पाटीचा फोटो टाकला, पाटीवर 'चर्च गेट', आणि खाली लिहिलं 'मावशी, चर्चगेटला पोचलो'. सगळे हसले. पण मग दोन दिवस गावात फिरल्यावर त्याला दिसलं की तिथे गॅलोट्री गेट आहे, हंबरस्टोन गेट आहे, बेलग्रेव्ह गेट आहे, सगळे दहा मिनिटांच्या अंतरात, आणि दरवाजा, कमान, खांब असलं काही एकाही ठिकाणी नाही. मग एवढी गेटं आली कुठून, पाडली का, आणि मुंबईचं चर्चगेट नि हे चर्च गेट एकाच जातीचं का, असा प्रश्न.

एका जातीचं नाही. दिसतात सारखी, पण हे दोन वेगवेगळे शब्द आहेत आणि इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग एकच होऊन बसलंय. आपल्याला माहीत असलेला गेट, म्हणजे दरवाजा, तो जुन्या इंग्रजीतला. लेस्टरच्या पाट्यांवरचा गेट हा व्हायकिंग लोकांनी आणलेला, जुन्या नॉर्स भाषेतला 'गाता', अर्थ रस्ता. स्वीडनमध्ये आजही रस्त्याला गाता म्हणतात आणि जर्मनमध्ये गल्लीला गासे म्हणतात तोही त्याचाच चुलतभाऊ. म्हणजे चर्च गेट = चर्चकडे जाणारा रस्ता, बास. तो रस्ता जुन्या तटाच्या बाहेरच्या अंगाने जातो आणि त्याच्या टोकाला सेंट मार्गारेट चर्च आजही उभं आहे, भाच्याने सरळ चालत जाऊन बघावं.

आता व्हायकिंग लेस्टरमध्ये काय करत होते? तर ८६५ साली डेन लोकांची, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांची, मोठी फौज इंग्लंडात उतरली, पुढच्याच वर्षी त्यांनी यॉर्क घेतलं, ८७७ मध्ये मर्सिया नावाच्या राज्याची वाटणी झाली आणि पूर्वेकडचा तुकडा डेन लोकांकडे गेला. त्यात पाच ठाणी मोठी होती, लेस्टर, नॉटिंगहॅम, डर्बी, लिंकन आणि स्टॅमफर्ड. ९१८ मध्ये आल्फ्रेड राजाची मुलगी एथेलफ्लेड हिने लेस्टर न लढता परत घेतलं, म्हणजे डेन लोकांचं राज्य तिथे जेमतेम चाळीस वर्षं टिकलं, पण माणसं काही परत गेली नाहीत, तिथेच शेती करत राहिली, लग्नं केली, आणि त्यांची बोली गावच्या बोलीत इतकी मिसळली की पुढे शेकडो वर्षं नवीन रस्ता झाला तरी लोक त्याला गेटच म्हणायचे. हे मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं, कारण राजाने दिलेली नावं समजू शकतो, पण ही नावं बाजारात जाणाऱ्या-येणाऱ्यांनी दिलेली आहेत.

लेस्टरचीच बघा ना. गॅलोट्री गेट म्हणजे फाशीच्या झाडाकडे जाणारा रस्ता, गावाबाहेर दक्षिणेच्या चढावर फाशी द्यायची जागा होती. आज तिथे शॉपिंग करणाऱ्या लोकांच्या डोक्यातही येत नाही. त्याच रस्त्यावर सहलीवाल्या थॉमस कुकची १८९४ ची इमारत आहे, तिच्या दर्शनी भागावर त्याच्या सहलींची चित्रं कोरलेली आहेत. ह्याच थॉमस कुकने १८४१ मध्ये लेस्टरहून लफबरोला आगगाडीने दारूबंदीवाल्यांची सहल नेली, माणशी एक शिलिंग, आणि तिथून तो धंदा सुरू झाला. हंबरस्टोन गेट हंबरस्टोन गावाकडे जातो. आणि हेमार्केट ओलांडलं की बेलग्रेव्ह गेट, तो बेलग्रेव्ह गावाकडे जातो, आणि पुढे तोच बेलग्रेव्ह रोड होतो, ज्याला गोल्डन माइल म्हणतात, सोन्याची दुकानं, साड्या, दिवाळीचे दिवे वगैरे. भाचा तिथे चिवडा आणायला जातच असणार.

बेलग्रेव्हवरून थोडं विषयांतर करतो, राहवत नाही. १०८६ च्या डूम्सडे बुकात (राजाने करून घेतलेली गावं-जमिनींची नोंदवही) ह्या गावाचं नाव आहे मर्डग्रेव्ह. मूळ अर्थ साधा, मार्टेन नावाचा मुंगसाच्या चणीचा एक प्राणी असतो त्याची राई. पण तोवर फ्रान्सहून नॉर्मन लोक आले होते आणि त्यांच्या फ्रेंचमध्ये 'मर्द' म्हणजे विष्ठा. साहेबांना गावाचं नाव घ्यायची लाज वाटायला लागली आणि त्यांनी मर्ड काढून बेल लावलं, बेल म्हणजे सुंदर. आज अख्ख्या ब्रिटनमधल्या भारतीयांना ज्या रस्त्याचा अभिमान आहे त्याचं नाव असं धुऊन घेतलेलं आहे.

बरं, मग लेस्टरला खरे दरवाजे नव्हतेच का? होते की. मध्ययुगात तट होता आणि चार दिशांना चार वेशी होत्या, त्या अठराव्या शतकात गाड्याघोड्यांना अडचण होते म्हणून पाडल्या. क्लॉक टॉवरपाशी (तो १८६८ चा) पश्चिमेला तोंड करून उभं राहिलं की समोर जो छोटा तुकडा आहे त्याचं नाव ईस्टगेट्स. ही खरी पूर्व वेस. आणि दक्षिणेला साउथगेट्स आहे तीही खरी वेस. लेस्टरपुरती एक सोपी खूण म्हणजे दिशेचं नाव आणि शेवटी अनेकवचनाचा स असेल तर वेस, नाहीतर रस्ता. गंमत अशी की लेस्टरमध्ये आज पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा जो एक भक्कम दरवाजा शाबूत आहे, न्यूआर्क भागाचा, त्याला सगळे मॅगझिन गेटवे म्हणतात, कारण पुढे तिथे दारूगोळा ठेवायचे. नुसतं गेट म्हणून तिथे भागलंच नसतं, लोकांनी रस्ता शोधला असता.

मराठीत आपल्याकडे हा घोळ नाही कारण शब्द वेगळे आहेत. वेस ती वेस, आळी ती आळी. मी तर ह्या गावांचे नकाशे वाचताना मनातल्या मनात तेच करतो, गेट दिसलं की आळी वाचायचं. आणि धंद्यांच्या आळ्या तर तिथे पुण्यासारख्याच आहेत. नॉटिंगहॅमला ब्रायडलस्मिथ गेट आहे, घोड्याचे लगाम बनवणाऱ्यांची आळी. लिस्टर गेट म्हणजे रंगाऱ्यांची, लिस्टर हा कापड रंगवणाऱ्याचा जुना शब्द. फ्लेचर गेट वाचून लोक बाण बनवणारे समजतात, कारण फ्लेचर म्हणजे बाण करणारा, पण जुन्या कागदात तो शब्द फ्लेश-ह्यूअर असा आहे, म्हणजे मांस तोडणारे, खाटीक आळी. आणि गूज गेटवर १८४९ मध्ये जॉन बूट नावाच्या माणसाने झाडपाल्याच्या औषधांचं दुकान काढलं, त्याच्या मुलाने ते वाढवलं, तेच आजचं बूट्स, जिथून तुमचा भाचा क्रोसिनच्या जागी पॅरासिटॅमॉल घेतो.

यॉर्कला मात्र हा प्रकार कळसाला पोचलाय. तिथे एक जुना विनोद आहे, यॉर्कमध्ये रस्त्याला गेट म्हणतात, गेटला बार म्हणतात आणि बारला पब म्हणतात. हा विनोद शब्दशः खरा आहे. मिकलगेट म्हणजे मोठा रस्ता, आणि त्या रस्त्यावर तटात जो खरा दरवाजा आहे त्याचं नाव मिकलगेट बार, बार म्हणजे अडसर. आपल्या पद्धतीने भाषांतर केलं तर थोरल्या आळीची वेस. पण यॉर्कमधला माझा सगळ्यात आवडता रस्ता कॉपरगेट. पहिल्यांदा वाचून कोणताही पुणेकर म्हणेल, अरे ही तर तांबट आळी. नाही! ह्यातल्या कॉपरचा तांब्याशी संबंध नाही, नॉर्समध्ये 'कॉपरी' म्हणजे लाकडी वाट्या-पेले बनवणारा. नावावरून भाषावाल्यांनी असं सांगितलेलं होतंच, आणि मग १९७६ ते १९८१ मध्ये तिथे नवीन इमारतीसाठी खणताना मोठं उत्खनन झालं आणि चिखलात निघालं काय, तर व्हायकिंग काळातले लाकडी पेले आणि कातकामातून उरलेले लाकडाचे गाभे, ढिगाने. हजार वर्षं लोक रस्त्याला कातार्‍यांचा रस्ता म्हणत होते, बहुतेकांना अर्थही माहीत नव्हता, आणि खाली पुरावा पडून होता. १९८४ पासून त्याच जागेवर जॉर्विक सेंटर हे व्हायकिंग काळाचं संग्रहालय आहे, आत त्या काळातला वासही सोडतात, लहान मुलांना भयंकर आवडतो.

यॉर्कचाच सगळ्यात आखूड रस्ता, त्याचं नाव व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट. १५०५ च्या नोंदीत ते व्हिटनोर-व्हॉटनोर-गेट असं आहे आणि तिथल्या पाटीवर अर्थ दिलाय 'हा कसला रस्ता!' म्हणजे टिंगलच केलेली. पेठांची नावं ठेवणारे आपले लोक तिथे असते तर त्यांचं छान जमलं असतं.

लंडनला आलात की हे सगळं विसरायचं. ऑल्डगेट, बिशप्सगेट, मूरगेट, लडगेट, हे सगळे लंडनच्या तटाचे खरेखुरे दरवाजे, शब्द जुन्या इंग्रजीतला. कारण डेन लोकांच्या प्रदेशाची हद्द टेम्स, ली नदी आणि मग पुढे वॉटलिंग स्ट्रीट ह्या रोमन रस्त्याने ठरली होती (आजचा ए-फाइव्ह, लेस्टरशर आणि वॉरिकशरची हद्द अजूनही मैलोन्‌मैल त्याच्यावरूनच जाते), लंडन त्या हद्दीच्या इंग्रजांकडच्या बाजूला राहिलं. आणि केंटच्या किनाऱ्यावरचं मारगेट, रॅम्सगेट ह्यातला गेट तिसराच वाटतो पण तोही दरवाजाच, किनाऱ्याच्या कड्यातली समुद्राकडे उतरायची फट. तेव्हा ढोबळ हिशेब असा की उत्तरेला आणि पूर्वेच्या मध्य भागात गेटच्या आधी धंदा, चर्च नाहीतर पुढच्या गावाचं नाव असेल तर रस्ता, आणि दक्षिणेला तट असेल तर दरवाजा. पण शंका आली तर जुना नकाशा बघणे, नुसत्या अंदाजावर जाऊ नये.

स्कॉटलंडमध्येही रस्तावाला गेट आहेच, एडिनबरातला काऊगेट म्हणजे गुरं हाकत न्यायचा रस्ता. मी लीड्सला राहायचो तेव्हा शेजारचे एक आजोबा, जन्म तिथलाच, नातवंडं टीव्हीसमोर लोळत असली की 'गेट अगेट' असं ओरडायचे, म्हणजे वाटेला लागा, कामाला लागा. त्यातला दुसरा गेट हाच. लीड्सचा मुख्य रस्ता ब्रिगेट, ब्रिग म्हणजे पूल, १२०७ मध्ये आखलेला. त्याला लागून कर्कगेट, म्हणजे पुन्हा चर्चचा रस्ताच, फक्त इथे चर्चला शब्दसुद्धा नॉर्समधला, कर्क. कर्कगेट मार्केटमध्ये १८८४ मध्ये मायकेल मार्क्सने एक पेनीचा स्टॉल टाकला, त्याचं पुढे मार्क्स अँड स्पेन्सर झालं.

आणि हाच शब्द आपल्याकडच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्येही पोचलाय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर 'गेट ट्रेनिंग' करून घेतात, म्हणजे चालण्याचा सराव, तो गेट म्हणजे चाल, तो रस्तावाल्या गेटचंच नंतर वेगळं झालेलं स्पेलिंग. देवनागरीत तर तिन्ही गेट सारखेच दिसतात, त्यामुळे आपली पंचाईत जास्त.

राहिलं मुंबईचं चर्चगेट. ते दरवाजावालं. मुंबईच्या फोर्टच्या तटाला तीन दरवाजे होते, अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्च गेट, शेवटचा सेंट थॉमस चर्चकडे उघडणारा म्हणून त्याचं नाव तसं, ते चर्च १७१८ चं. १८६० च्या दशकात तट पाडला आणि जिथे तो दरवाजा होता तिथे १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन बसवलं. स्टेशन तिथून बरंच पश्चिमेला आहे. म्हणजे ताई, दरवाजा आज दोन्हीकडे नाहीये, पण मुंबईत तो होता आणि लेस्टरच्या चर्च गेटला तो कधी नव्हताच. आणि भाच्याला म्हणावं ओडबी, ब्लेबी, एंडर्बी अशी गावं बसच्या पाटीवर दिसतील, तो 'बी'सुद्धा डेन लोकांचाच, बी म्हणजे गाव, आणि तुमच्या सोसायटीच्या बायलॉजमधला 'बाय' बहुतेक अभ्यासक ह्याच शब्दाशी जोडतात, बायलॉ म्हणजे गावकीचा कायदा. पुढच्या जनरल बॉडीला पार्किंगवरून भांडण झालं की सेक्रेटरींना सांगून बघा.