छोट्या वर्कशॉपसाठी लोखंड कापायला कोणतं मशीन घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की दहा बाय वीसची शेड आहे, लाइट सिंगल फेज आहे, गेट-ग्रीलची कामं घेणार आहात आणि सोबत एका जुन्या लेथवर शाफ्ट, पिना, बुश करायचा विचार आहे. बजेट एकाच मशीनचं आहे, तर चौदा इंची चॉप सॉ (घासून कापणाऱ्या चकतीचं मशीन) घ्यावा की बँडसॉ (दातांच्या अखंड पट्टीने कापणारं मशीन)?

माझं मत स्पष्ट सांगतो. तुमच्याकडे लेथ आहे, म्हणून बँडसॉ घ्या. नुसतं गेट-ग्रील असतं तर चॉप सॉच घ्या म्हटलं असतं.

चॉप सॉ वाईट नाही. एक इंची स्क्वेअर पाइप तो काही सेकंदांत उडवतो, उचलून साइटवर नेता येतो आणि स्वस्तही पडतो. पण ३५५ मिमीची ती चकती मिनिटाला साधारण ३८०० फेरे घेत लोखंड घासून काढते, आणि सगळा खेळ उष्णतेचा होतो. पातळ पाइपला त्याने काही बिघडत नाही, कारण कापलेली कड पुढे वेल्डिंगमध्येच जाते. पण ५० मिमीचा ईएन ८ चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) राउंड, म्हणजे भरीव गोल सळई, त्यावर कापून बघा. चकती झिजत जाते, मोटर तापते, कापलेलं तोंड निळं पडतं आणि कडकही होतं. तोच तुकडा लेथवर फेसिंगला (तोंड सपाट करायला) लावला की टूलची धार पहिल्याच कटात जाते. तोंडाच्या मध्यभागी भोक पाडणाऱ्या सेंटर ड्रिलचंही तेच.

दुकानदार सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. चकतीची जी धूळ उडते तिच्यात घासणारे कण असतात. दहा बाय वीसच्या शेडमध्ये ती लेथच्या बेडवर, म्हणजे टूल ज्या पट्ट्यांवरून सरकतं त्यांवर, बसणारच, तिथल्या तेलात मिसळणार आणि प्रत्येक फेरीत बेड थोडा थोडा खाणार. जुन्या लेथचा बेड आधीच झिजलेला असतो, त्याला हे परवडत नाही. बँडसॉचा कीस जड असतो, मशीनखालीच पडतो, झाडून घेतला की झालं. ठिणग्याही नाहीत, म्हणजे रंग आणि थिनरचे डबे त्याच शेडमध्ये असताना जीव थोडा शांत राहतो.

बँडसॉ संथ असतो, हे खरं. छोट्या आडव्या मशीनवर ब्लेडचा वेग मिनिटाला साधारण २० ते ५० मीटर असतो. राउंड व्हाइसमध्ये धरायचा, मशीन सुरू करून फ्रेम खाली सोडायची आणि तोवर लेथवर दुसरं काम करायचं. कट संपला की स्विच आपोआप बंद होतो. एकट्याने काम करणाऱ्याला हा वेळ मोफत मिळतो. मात्र हायड्रॉलिक सिलिंडर असलेलंच घ्या. नुसत्या स्प्रिंगवर फ्रेम उतरत असेल तर पाइपच्या पातळ भिंतीत दात अडकून तुटतात.

ब्लेडवर कंजूषी करू नका, बायमेटलच (लवचिक पट्टीवर हाय-स्पीड स्टीलचे दात असलेलं) घ्या. भरीव मालाच्या जाडीत कमीत कमी तीन दात एकावेळी बसले पाहिजेत, हा हिशोब धरा. भरीव ५० मिमीला ६/१० (इंचाला ६ ते १०) दातांचं चालेल, दोन-तीन मिमी भिंतीच्या पाइपला १०/१४ चं. म्हणजे दोन ब्लेड लागतात आणि काम बदललं की ब्लेड बदलायचा कंटाळा करून चालत नाही. नवं ब्लेड पहिले काही कट निम्म्या दाबाने चालवा, धार खूप जास्त टिकते.

जुना पॉवर हॅक्सॉ (मोटरवर मागेपुढे चालणारी करवत) मिळतोय असं कोणी सांगितलं तर तोही बघायला हरकत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे हॅक्सॉ वर्षानुवर्षं चालताना मी पाहिलेत. फक्त जागा जास्त खातो, एकाच दिशेला कापतो, म्हणून आणखी संथ.

आणि काहीही झालं तरी चॉप सॉला कार्बाइडच्या दातांची चकती लावू नका. ती साधारण १३०० ते १५०० फेऱ्यांच्या मशीनसाठी असते. ३८०० वर दात निखळून गोळीसारखे उडतात. बाजारात ‘साहेब, हीच लावा, थंड कापते’ म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

खरेदीला जाताना आपला एक राउंड आणि गुण्या सोबत न्या. दुकानात मशीन लावून तोच राउंड कापून मागा आणि कापलेल्या तोंडावर गुण्या दोन्ही बाजूंनी, उभा आणि आडवा, लावून बघा. फट दिसली तर ब्लेडचे गाइड बेअरिंग तिथेच सेट करून घ्या, आणि सेट करूनही सरळ येत नसेल तर ते मशीन घेऊ नका. त्याच मापाचं ब्लेड तुमच्या गावात वेल्ड करून मिळतं का, तेही आधी विचारून ठेवा.