सेवासंस्थेत रुजू होताय? आधी हे पाहा

कॅथलिक सेवासंस्थेत काम पत्करण्याआधी विचारा : ती धर्मप्रांताची (बिशपांच्या अखत्यारीतली) आहे, धर्मसंघाची (व्रतस्थ फादर-सिस्टरांच्या संघाची) की प्रापंचिकांनी, म्हणजे सामान्य श्रद्धावंतांनी चालवलेली? अंतिम शब्द बिशपांचा, संघाच्या प्रांतप्रमुखांचा की विश्वस्तांचा, हे त्यावर ठरतं. पदाचं वर्णन, पगार, सुट्ट्या लेखी घ्या. ‘सेवाच तर आहे’ म्हणून तोंडी ठेवलं की तिघांचं काम एकाच्या गळ्यात पडतं आणि चांगली माणसं खचतात. विशिष्ट कामासाठी आलेली देणगी पगार थकले तरी दुसरीकडे वळवू नका.

अशा कामासोबत मौनप्रार्थना करत असाल, तर तिला मात्र घाई नको. सेंटरिंग प्रेयर या मौनप्रार्थनेच्या पद्धतीत साधारण 20 मिनिटं, दिवसातून दोनदा बसतात. एखादा छोटा शब्द निवडा, ‘येशू’ किंवा ‘शांती’. तो सतत जपायचा नाही. विचारात गुंतल्याचं लक्षात आलं की हळूच त्याच्याकडे परतायचं. विचार येणं ही चूक नव्हेच, त्यांच्याशी झगडण्यात बैठक वाया जाते. वेळ संपल्यावर लगेच उठू नका, दोन मिनिटं डोळे मिटून शांत राहा. दुसरी बैठक जेवणाआधी ठेवा, नंतर पेंग येते.

आणि आध्यात्मिक मार्गदर्शक तुमचे वरिष्ठ नसावेत. ज्यांच्या हाती तुमची बढती, त्यांच्यापुढे मन मोकळं होत नाही.