संस्थेच्या जुन्या कागदपत्रांच्या यादीत ‘मुका-बहिरा’, ‘महारोगी’ (म्हणजे कुष्ठरुग्ण) असे शब्द आहेत. सगळीकडे ‘दिव्यांग’ करू का?

सरसकट नको. तुमच्यासारखंच मीही एकदा एका झटक्यात सगळे शब्द बदलले होते आणि नंतर महिनाभर ते पूर्ववत करत बसलो होतो.

कागदावर छापलेलं नाव आपण बदलायचं नसतं. बाबा आमट्यांची १९४९ची संस्था ‘महारोगी सेवा समिती’च राहणार. शोधणाराही तोच शब्द टाकून शोधतो. शीर्षक जसंच्या तसं, अवतरणात ठेवा. यादीत त्या कागदाचं केलेलं वर्णन मात्र तुमचं असतं, आणि तिथला शब्द ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांना विचारून ठरवा.

‘दिव्यांग’ हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५मध्ये ‘मन की बात’मधून सुचवला आणि पुढे केंद्राच्या खात्याच्या नावात तो आला. हक्कांसाठी लढणाऱ्या बऱ्याच संघटनांना तो तेव्हाही रुचला नव्हता, म्हणजे तो ‘सुरक्षित’ शब्द नाही.

आम्ही बधिर मंडळींबरोबर बसलो तेव्हा सांकेतिक भाषेचे दुभाषी सोबत होते. (ते नसतील तर बैठक घेऊच नका.) ‘मूकबधिर’ शब्द दाखवताच एक बाई हातांनी म्हणाल्या, “मुकी कुठली? सकाळपासून बोलतेच आहे की मी!” वर्णनातून ‘मूक’ गेला, ‘बधिर’ राहिला. अंध मित्रांना ‘अंध’ चालत होता. ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटल्यावर ते हसत सुटले. त्यांची तक्रार वेगळीच निघाली. आमची यादी युनिकोड येण्याआधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली, त्यामुळे स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नुसती निरर्थक अक्षरं वाचत होता. ज्या यादीतल्या शब्दांवर मत मागत होतो, ती त्यांना वाचताच येत नव्हती! आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, शब्दांचं नंतर बघा.

मानधन आणि रिक्षाभाडं सुरुवातीलाच खर्चात धरा. आम्ही चहा-बिस्किटांवर भागवलं, त्याची अजून लाज वाटते. शब्द कुणाशी बोलून आणि कोणत्या वर्षी ठरवला, तेही नोंदीत लिहा. दहा वर्षांनी तो पुन्हा बदलेल.

कुष्ठरोगातून बरे झालेले एक काका सगळं ऐकून शेवटी म्हणाले, “शब्द कुठलाही लिहा हो, पण रुग्णांच्या नोंदवहीतली नावं-गावं उघडी का ठेवलीत? माझ्या पुतणीचं लग्न ठरायचंय.” ती नोंदवही आम्ही त्याच दिवशी ऑनलाइन यादीतून काढली.