जुने सॉफ्टवेअर सोडण्यापूर्वी

धंतोली, नागपूर

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. ध्वनिमुद्रणाचे जुने सॉफ्टवेअर सोडून रीपर हे दुसरे सॉफ्टवेअर घेण्याचा तुझा विचार पत्रातून कळला. माझा विरोध नाही. घरी ध्वनिमुद्रण करताना मीही तीनदा सॉफ्टवेअर बदलले आहे. मात्र नव्याची पारख करण्यात तू जितका वेळ घालवतो आहेस, त्याच्या निम्मा तरी वेळ जुन्यातून तुझी चाळीस गाणी सुखरूप बाहेर काढण्यासाठी दे, असा माझा आग्रह आहे.

प्रोजेक्ट फाइल म्हणजे गाणे नव्हे. कोणता तुकडा कोठे ठेवला, कोठे कापला, कोणते प्लगिन (आवाजाला रंग देणारे जोड-सॉफ्टवेअर) किती लावले, याची ती नोंद असते आणि ती सहसा त्याच सॉफ्टवेअरला वाचता येते. हे मला फार उशिरा कळले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे विदर्भात गावोगावी रुजलेले खंजिरी भजन मी एका मंडळाकडून मुद्रित करून घेतले होते. मे महिन्यातली दुपार, आवाज नको म्हणून कूलर बंद, आणि तरीही मंडळी तीन तास मनापासून गायली. पुढे मी संगणक आणि सॉफ्टवेअर दोन्ही बदलले. फोल्डरमध्ये शंभराहून अधिक तुकडे शाबूत होते, पण त्यांना नावांऐवजी नुसते आकडे होते आणि एकाच ओळीच्या अनेक मुद्रणांपैकी कोणते (कोणता टेक) निवडले, कोणता कशामागे येतो, हे सांगणारी फाइल उघडेना. पुन्हा मुद्रण करावे म्हटले, तर खंजिरी वाजवणारे गृहस्थ मुलाकडे मुंबईला राहायला गेले होते. ते भजन आजही अपुरे आहे आणि त्याची खंत मला आहे.

म्हणून प्रत्येक ट्रॅक, म्हणजे एकेका वाद्याचा वा आवाजाचा वेगळा पट्टा, त्यात आवाज तिसऱ्या मिनिटाला येत असला तरी, शून्यापासून शेवटपर्यंत सलग वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढ. सर्व फाइलींचा आरंभ एकच असला की कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये त्या आपोआप जुळतात. प्लगिनविना एक संच काढ आणि प्लगिनसह दुसरा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या मोनो फाइलला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी लागतात. म्हणजे पाच मिनिटांच्या, बारा ट्रॅकच्या गाण्याचा एक संच साधारण ५२० एमबीचा होईल, आणि ही जागा आज महाग नाही. सोबत साध्या मजकुराच्या फाइलीत स्वर (पट्टी), टेम्पो (लय) आणि प्लगिनची नावे लिही. मिडी फाइलीही ठेव, पण त्यांत सूर कोणते व कधी वाजले एवढेच असते, वाद्याचा नाद नसतो, हे विसरू नकोस.

तुझ्या ख्यालांबाबत विशेष सावध राहा. विलंबित एकताल तू क्लिकशिवाय, म्हणजे कानात ठोके देणाऱ्या आवाजाशिवाय गातोस, तेच योग्य आहे. परंतु काही सॉफ्टवेअर आत घेतलेल्या फाइलीचा टेम्पो स्वतःच ठरवून ती ताणतात आणि समेपाशी घेतलेला तुझा श्वाससुद्धा जागचा हलतो. ती सोय आधी बंद कर. रीपरमध्ये प्रोजेक्टचा टाइमबेस ‘टाइम’वर ठेव, म्हणजे पुढे टेम्पो बदलला तरी मुद्रण ताणले जाणार नाही.

तू बदल केला नाहीस, तरी हे काम टाळू नकोस. २००२ साली ॲपलने ईमॅजिक ही कंपनी घेतली आणि तिच्या लॉजिक या मुद्रणाच्या सॉफ्टवेअरची विंडोजवरची आवृत्ती थांबली. २०१७ साली गिब्सन कंपनीने केकवॉक या अशाच सॉफ्टवेअरचा विकास थांबवला आणि पुढच्या वर्षी ते बँडलॅब या दुसऱ्या कंपनीकडे गेले. असे निर्णय वापरणाऱ्याला विचारून होत नाहीत.

शिकण्याबद्दल थोडेच सांगतो. अर्धवट गाणे घेऊन नव्या घरात जाऊ नकोस. ते जुन्यातच पूर्ण कर. नव्यात एक लहानशी बंदिश, तंबोरा, तबला आणि आवाज एवढ्यावरच, आरंभापासून अखेरपर्यंत कर. रीपर परीक्षणासाठी ६० दिवस देते. तेवढ्यात अशा तीन बंदिशी झाल्या, की ते हाताला बसते की नाही हे तुला कळेल. तोवर जुने सॉफ्टवेअर संगणकावरून काढू नकोस.

येत्या रविवारी एकाच गाण्याचे दोन्ही संच ड्राइव्हवर घेऊन माझ्याकडे ये. माझ्या संगणकावर तुझे एकही प्लगिन नाही, म्हणून तेथेच ते उघडून आपण पहिल्या आवर्तनापासून ऐकू.

तुझा,
काका